माळा रिकामा करणे आहे

गेल्या वर्षी लक्ष्मीपूजनाच्या दिवशी माझी बायको वैजयंती चकलीचा सोऱ्या हातात धरून झोपली. बसून नव्हे, उभ्याने. ओट्याला टेकलेली, डोळे मिटलेले, पण सोऱ्याचा दांडा फिरतच होता. त्या चकलीला सुरुवात होती, शेवट नव्हता. माझ्या बहिणीच्या मुलांनी ती मोजपट्टी लावून मोजली आणि आम्ही सगळे पोट धरून हसलो. वैजयंती दचकून जागी झाली, तिनेही थोडं हसून घेतलं आणि पुढचा घाणा कढईत सोडला.

यंदा अनंत चतुर्दशी झाल्यावर मी उदार मनाने विचारलं, "पाडव्याला काय घेऊ तुला?"

"काही नको," ती पोळी लाटत म्हणाली. "मला एक दिवस बसायचंय."

"बस की. कुठे बसायचंय?"

"कुठेही. नुसतं बसायचंय. कुणी हाक मारायची नाही, कुणी चहा मागायचा नाही, आणि कुणी काही शोधून द्यायला सांगायचं नाही."

शेवटचं वाक्य मला उद्देशून होतं. माझी वस्तू शोधण्याची पद्धत म्हणजे खोलीच्या मधोमध उभं राहून वैजयंतीला हाक मारणे. पण मी रागावलो नाही. मी एका विमा कंपनीच्या रेकॉर्ड विभागात बावीस वर्षं काम करतोय, आता हेडक्लार्क आहे. मी त्या मागणीवर दोन दिवस विचार केला आणि मला मूळ दुखणं सापडलं. ही बाई कामाने दमत नव्हती, अव्यवस्थेने दमत होती. घर एकदा नीट लावलं, प्रत्येक वस्तूला जागा आणि प्रत्येक जागेला नंबर दिला, की दिवाळी आपोआप होणार आणि बायको दिवसभर बसणार. हा शोध मी तिला सांगितला. तिने पोळी उलटली.

वाशीचं हे घर आम्हाला तीन वर्षांपूर्वी सरकारी सोडतीत लागलं. दोन खोल्या, स्वयंपाकघर, आणि मोरीच्या वर सिमेंटचा एक माळा. तेव्हा आजूबाजूला इतकी मोकळी जागा होती की गॅलरीतून थेट खाडीपर्यंत गवत दिसे. माळा मात्र पहिल्याच आठवड्यात भरला. त्यावर आमच्या महाडच्या घरचा तांब्याचा बंब होता, मुलगी लग्न होऊन नागपूरला गेली तरी तिचा पाळणा होता, तीन गणपतींची तीन मखरं होती, भाता फाटलेली पेटी होती आणि जिच्यात काय आहे हे कुणालाच आठवत नव्हतं अशी एक ट्रंक होती. मी माळ्यापासून सुरुवात करायचं ठरवलं. इथे माझं चुकलं असं लोक म्हणतात. मी अजूनही म्हणतो, विचार बरोबर होता.

नवरात्र संपल्यावर पहिल्या रविवारी मी शिडी लावली आणि माळा खाली उतरवला. सहा बाय चारच्या जागेतलं सामान बारा बाय दहाच्या खोलीत मावलं नाही, हे शास्त्रज्ञांनी तपासून पाहावं. मी दोनशे पानी वही घेऊन तीन वर्ग केले: 'अ' जपून ठेवण्याचे, 'ब' देऊन टाकण्याचे, 'क' फेकण्याचे. चार दिवसांत 'क' वर्गात एक फुटकी बरणी पडली. ती वैजयंतीने दुसऱ्या दिवशी लोणच्याच्या मिठासाठी परत आत घेतली.

'अ' वर्गात सर्वांत वरचा नंबर घराच्या मूळ कागदांचा. हे कागद तीन वर्षं तांदळाच्या डब्यामागे पडून होते. रेकॉर्डच्या माणसाच्या घरात ही स्थिती! वाळवी, उंदीर आणि झुरळं यांच्यापासून सुरक्षित अशी जागा मी शोधू लागलो, आणि तांब्याचा बंब समोरच दिसला. वापरात नाही, झाकण घट्ट, आणि तांबं कुठलीही वाळवी खात नाही. प्लॅस्टिकच्या पिशवीत कागदांची गुंडाळी करून मी बंबात सरकवली आणि वहीत नोंद केली, 'अ-१, बंबात.' बंब स्वतः 'ब' वर्गात होता. दोन नोंदी दोन वेगळ्या पानांवर होत्या, आणि दोन्ही अचूक होत्या.

आता 'ब' वर्ग देऊन टाकायचा म्हणजे लोकांना कळवायला हवं. मी सोसायटीच्या फळ्यावर लावायला सूचना लिहिली. तीन कच्चे मसुदे केले. वैजयंतीने वाचून सांगितलं, "अहो, 'लॉफ्ट' लिहा. इथे सगळे तसंच म्हणतात."

"मराठीत चांगला शब्द असताना लॉफ्ट कशाला?" मी म्हणालो. "आपणच आपली भाषा सोडली तर मग झालंच."

फळ्यावर सूचना लागली ती अशी: 'सर्व संबंधितांस कळविण्यात येते की, आम्ही दिवाळीपूर्वी आमचा माळा कायमचा रिकामा करीत आहोत. गरजूंनी पाहण्यासाठी सायंकाळी सहानंतर यावे. आधी येणाऱ्यास प्राधान्य. म. ग. टिपणीस, पहिला माळा.'

त्याच संध्याकाळी सव्वासहाला घंटी वाजली. दारात शेजारच्या जुहूगावचा गोटीराम पाटील आणि त्याची बायको गोजरा. गोजरा आमच्या फाटकाशी मासळी विकायला बसते, वैजयंतीची चांगली ओळखीची. तिला वॉचमनने सूचना वाचून दाखवली होती.

"सायेब, माला बगाला आलोत," गोटीराम म्हणाला.

पहिलाच गरजू इतका वक्तशीर! मी दोघांना आत घेतलं. गोटीराम मान वर करून छत बघू लागला.

"पंखा ठेवनार का?"

"पंखा नाही हो. पण पाळणा आहे. मजबूत आहे, बघा."

गोजरा पदर तोंडाला लावून हसली. "अवो, आदी पोऱ्याचं लगीन त होवदे!"

मग ती स्वयंपाकघरात गेली आणि तिने नळ सोडून पाहिला. "पानी किती टाइम येतं, ताय?" भांडी नेण्याआधी विसळून घेणारी बाई आहे, असं माझ्या मनात आलं. मला तिचं कौतुक वाटलं.

"खाली कवा करनार?" गोटीरामने विचारलं.

"रविवारपर्यंत सगळं खाली."

"आनि तुमी?"

"मी इथेच असणार. माझ्याशिवाय कसं होईल?"

गोटीरामने माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. मग बायकोकडे पाहिलं. "रावा," तो शेवटी म्हणाला. "म्हातारा मानूस घरान असला त बरा."

मी त्रेचाळीसचा आहे. पण देणाऱ्याने मन मोठं ठेवावं म्हणून मी ते गिळलं. जाताना तो मोरीच्या दारात थांबला आणि म्हणाला, "सायेब, ज्या ठिकानी तुमची ही मोरी हाय ना, तिथं आमचं भाताचं खाचर व्हतं. माजा बा हितंच राबला. आता पोरगा त्याच जागेवर पयल्या माल्यावर रावल." मला त्यातलं काही समजलं नाही, पण त्याने बापाचं नाव काढलं होतं, म्हणून मीही मान हलवली. गोजराची नजर बंबावर खिळली होती. तिला तो हवा आहे हे ओळखून मी दोन्ही हातांनी उचलून तिच्या स्वाधीन केला.

"म्हंजी शबूद पक्का?" गोटीराम म्हणाला.

"अगदी पक्का," मी म्हणालो.

पुढच्या चार दिवसांत सतरा कुटुंबं येऊन गेली. एकानेही काही नेलं नाही. बायका ओट्याची उंची बघत, पुरुष गॅलरीतून वारा कुठून येतो ते बघत. एका भावी सासऱ्याने पलंग मावेल का म्हणून आमची झोपायची खोली टेपने मोजली. मला वाटलं, लोक संकोचत असतील, म्हणून मी प्रत्येकाला बसवून चहा द्यायला लावला. सामान हॉलभर पसरलेलं, त्यात पाहुण्यांना बसायला गाठोडी सारायची, सतरा कुटुंबांचा चहा, शिवाय फराळाची भाजणी दळून आणायची. वैजयंतीच्या डोळ्यांखाली काळं आलं. "दिवाळी जवळ आलीय," मी तिला धीर दिला. "थोडंच राहिलंय. मग बसायचंच आहे."

पाचव्या दिवशी शेजारच्या जयमालावहिनी नारळ आणि खण घेऊन आल्या आणि वैजयंतीची ओटी भरताना हुंदके देऊ लागल्या.

"भाऊजी, निदान दिवाळी तरी इथे करून जायचंत."

"कुठे जायचं?"

"राहू दे, नका सांगू. आम्ही काय, परके."

मी काही बोलणार इतक्यात दारात रावसाहेब उभे. रावसाहेब म्हणजे आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी, सोलापूरचे, पाटबंधारे खात्यातून निवृत्त. त्यांनी पाटाचं पाणी अडवणं सोडलं आणि माणसं अडवायला सुरुवात केली.

"काय टिपणीस, ही कुठली रीत म्हणायची? ना अर्ज, ना परवानगी, आणि खुशाल घर सोडून निघालात?"

"घर? कुणी सोडलं घर?"

त्यांनी फळ्यावरची सूचना काढूनच आणली होती. ती त्यांनी मोठ्याने वाचली. मी त्यांना हाताला धरून मोरीपाशी नेलं आणि वर बोट दाखवलं. "माळा! हा माळा! आमच्या कोकणात याला माळाच म्हणतात."

"असेल. पण खाली सही करताना तुम्हीच लिहिलंय, पहिला माळा. तो कुठला?"

मी सूचना पुन्हा वाचली. त्या क्षणी पंखा, पाळणा, नळ, पलंगाचं माप, सगळं माझ्या डोळ्यांपुढून एकापाठोपाठ एक गेलं. मुंबईत मजल्याला माळा म्हणतात, हे मला माहीत नव्हतं असं नाही. मी स्वतःच म्हणत होतो. वैजयंती स्वयंपाकघराच्या दारात उभी होती आणि तिने 'लॉफ्ट' हा शब्द उच्चारला नाही. तिच्या मोठेपणाची ती गोष्ट मी विसरणार नाही.

"जाऊ द्या," मी म्हणालो. "गैरसमज झाला. मिटलं."

"मिटलं कसं? फळ्यावरच्या प्रत्येक सूचनेची एक प्रत ही घरं वाटणाऱ्या सरकारी इस्टेट ऑफिसला जाते. नियम आहे."

"कुणाचा नियम?"

"माझा."

त्यांच्या सल्ल्याने मी ताबडतोब खुलासा लावला: 'आमच्या मागील सूचनेतील माळा हा शब्द माळा या अर्थी नसून माळा या अर्थी वाचावा.' त्यानंतर इमारतीतली माणसं माझ्याशी हळू आवाजात बोलू लागली आणि जिन्यात मला आधी जाऊ देऊ लागली.

इस्टेट ऑफिसचं पत्र आठव्या दिवशी आलं. पाच वर्षांच्या आत घर परस्पर तिसऱ्या माणसाला देत असल्याची माहिती मिळाली आहे, सबब घराचं वाटप रद्द का करू नये, याचा खुलासा करण्यासाठी दोन्ही धारकांनी मूळ कागदांसह जातीने हजर राहावे. तारीख धनत्रयोदशीची, सकाळी दहा. घर आम्हा दोघांच्या नावावर होतं. म्हणजे वैजयंतीनेही जायचं.

"भाऊजी, टेन्शन नका घेऊ," जयमालावहिनी म्हणाल्या. "आमच्या मावसदिरांचं असंच झालं होतं."

"मग?"

"ते आता डोंबिवलीला असतात."

हे घर जाणार होतं. पंधरा वर्षं आम्ही परळला एका खोलीत काढली होती. या घराची किल्ली मिळाली त्या दिवशी वैजयंती एकेका खोलीत जाऊन भिंतीला हात लावून आली होती. पण मला धीर होता तो वहीचा. मी वही उघडली. 'अ-१, बंबात.' मग दुसरं पान उघडलं. 'ब-१, बंब, गोजराबाईंस दिला.' वैजयंतीने वही माझ्या हातातून घेतली, दोन्ही पानं वाचली आणि मिटून ठेवली.

"तांदळाच्या डब्यामागे होते," ती म्हणाली.

वसुबारसेला महाडहून आई आली आणि पुण्याहून माझी बहीण मीना तीन मुलांसह आली. त्यांना बसायला मखरं सरकवून जागा केली. वैजयंतीने त्या दिवशी करंज्या केल्या, पाहुण्यांचं जेवण केलं, मुलांची अंथरुणं घातली, आणि शंकरपाळ्यांचं पीठ मळताना एकदा नुसतीच थांबली. मी हाक मारली तेव्हा पुन्हा मळू लागली. तिने मला दोष दिला असता तर बरं झालं असतं.

पत्र आल्यापासून गोजरा फाटकाशी आली नव्हती, आणि तिची वाट बघण्यातच दोन दिवस गेले. धनत्रयोदशीला सकाळी सातलाच मी जुहूगावात पोचलो. गोटीरामच्या घराला कुलूप. शेजारणीने सांगितलं, गोजरा नावड्याला सोयऱ्यांकडं गेली, गोटीराम तिला गाडीत बसवायला. अंगणात आमचा बंब उभा होता, चिंचेने घासून लखलखीत केलेला, दिवाळीच्या आंघोळीसाठी काठोकाठ भरलेला. मी बाही न सरसावताच कोपरापर्यंत हात घातला. आत पाणी होतं. फक्त पाणी.

मी ओल्या बाहीने परस्पर इस्टेट ऑफिस गाठलं. वैजयंती घरचं आवरून पावणेदहालाच येऊन उभी होती. घरी शेगडीपाशी आईला आणि मीनाला बसवून आली होती. मी तिला कागदांचं सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात मागून आवाज आला, "सायेब, हे तुमचे का?"

गोटीराम. हातात माझीच प्लॅस्टिकची पिशवी. 'तिसरा माणूस' म्हणून रावसाहेबांनी त्याचंही नाव कळवलं होतं आणि त्यालाही पत्र आलं होतं.

"बंबान गावले. मना वाचाला येत नाय, पन शिक्का वलखतो," तो म्हणाला. पिशवी माझ्या हातात देताना त्याने माझ्या तोंडाकडे पाहिलं नाही. "पोऱ्याच्या सासरी सांगून बसलो सायेब, पयल्या माल्यावर जागा गावली म्हनून. आता गोजरा गेलीय, नाय म्हनून सांगाला."

मी त्याला माळ्याचा अर्थ सांगू लागलो. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "व्हय. आमची पन चूक. जागा कोन अशी देतंय?" मला खरंच लाज वाटली. सतरा कुटुंबांना मी चहा पाजला होता, पण हा एकटाच माझ्या शब्दावर विसंबला होता, आणि माझं घर वाचवणारे कागदही तोच घेऊन आला होता. मी त्याचा हात धरला. त्याने थोडा वेळ धरू दिला.

मग तो वैजयंतीकडे वळला. "ताय, तुमी हितं नका उबं राहू. त्या तिकडच्या बाकावर बसा, भिताडाला टेकून. वर पंखा हाय, आनि त्या बाजूला कोन येत नाय. मी सरकारनं घेतलेल्या आमच्या जागेच्या कागदासाठी नऊ वरसं त्याच बाकावर बसतंव."

ती जाऊन बसली. मी मात्र फिरत राहिलो. साहेब मीटिंगला गेले होते. एका टेबलाने दुसऱ्याकडे पाठवलं, दुसऱ्याने आवक नंबर आणायला सांगितला, आवक नंबर देणारा चहाला गेला होता, आणि तो आल्यावर त्याने पहिल्या टेबलाची सही मागितली. बावीस वर्षं मी लोकांना असं फिरवत आलो, पण ते इतकं लांब असतं हे मला ठाऊक नव्हतं. साहेब चारला आले. त्यांनी सूचना वाचली, खुलासा वाचला, मग खुलासा पुन्हा वाचला.

"तुम्हाला लॉफ्ट म्हणायचं होतं का?"

"हो," मी म्हणालो.

"मग लॉफ्ट लिहायचं ना! लिहून द्या, 'मला मराठी शब्दांचा योग्य वापर करता न आल्यामुळे गैरसमज झाला.' खाली सही, पूर्ण नाव. मग जागेची पाहणी होईल, आणि तुळशीच्या लग्नानंतर पुन्हा या. दोघंही. तोवर वाटप रद्द होत नाही."

घर राहणार होतं. मी सही केली. शाळेत निबंधाला बक्षीस मिळवलेल्या माणसाने त्या वाक्याखाली सही केली, आणि तीही वळणदार अक्षरात.

पाच वाजता बाहेर आलो तेव्हा बाकाकडे जायला तोंड नव्हतं. फराळ अर्धा राहिलेला, घर गाठोड्यांनी भरलेलं, आणि हिचा ऐन सणाचा अख्खा दिवस मी सरकारी बाकावर घालवला होता. वैजयंती चपला काढून, पाय वर घेऊन, भिंतीला डोकं टेकून बसली होती. शेजारी कपबशी होती.

"शिपायाने दोनदा चहा आणून दिला," ती म्हणाली. "मी मागितलासुद्धा नव्हता. मधे झोपले तास-दीड तास. कुणी उठवलं नाही."

"माझ्यामुळे तुझा दिवस गेला," मी म्हणालो. "मला माफ कर. अजून एकदा यावं लागेल, तुळशीच्या लग्नानंतर."

"दोघांनी?"

"हो. धारकाने जातीने हजर राहावं लागतं."

तिचा चेहरा इतका ताजा मी कित्येक वर्षांत पाहिला नव्हता. तिने चपला घातल्या, पदर नीट केला, आणि त्या बाकाकडे एकदा वळून पाहिलं.

"पाडव्याची तारीख नाही का मिळणार?"

"पाडव्याला ऑफिस बंद असतं, वैजू."

"अरेरे," ती म्हणाली, आणि फाटकाबाहेर पडेपर्यंत ती खरोखर हळहळत होती.